बारी आणि बटण

राब भाजायला सुरुवात झाली की दुपारच्या वाऱ्याबरोबर करपलेल्या शेणाचा आणि पाचोळ्याचा वास माझ्या दुकानात शिरतो. पावसाळ्यात भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या पसरून पेटवतात. माती भाजून निघते, तणाचं बी मरतं. मावळात हे काम चैत्र-वैशाखात चालतं. डोंगर तेव्हा पिवळे पडलेले असतात, धरणाचं पाणी खाली उतरून काठाला भेगाळलेल्या चिखलाचा पट्टा उघडा पडतो, वडगावच्या स्टेशनबाहेर करवंदांचे द्रोण मांडून बायका बसतात. याच दिवसांत गावोगावच्या जत्रा आणि याच दिवसांत पोरांच्या परीक्षा. माझं डोकंही याच दिवसांत जास्त तापतं. घरचे म्हणतात, ते बारा महिने तापलेलंच असतं. असेल. पण चैत्रात त्याला कारण असतं.

माझं माहेर वडिवळ्याचं. गावच्या जत्रेत बैलगाड्यांची शर्यत असते. मधली काही वर्षं ती बंद होती, आता पुन्हा सुरू झाली आहे. आमच्याकडे गाडे एकमेकांशेजारून पळत नाहीत. एक गाडा घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, एकटाच सुटतो, त्या पळण्याला बारी म्हणतात. खाली निशाण पडलं की वर माचावर बसलेला माणूस हातातलं घड्याळ दाबतो, बैलांनी रेघ ओलांडली की पुन्हा दाबतो. सगळा खेळ बारा-तेरा सेकंदांचा. त्या बारा सेकंदांसाठी माणसं वर्षभर आपल्या ताटातलं बैलांच्या पुढ्यात टाकतात.

माझे वडील, अण्णा, दुसऱ्यांच्या शेतावर राबायचे. दोन खोंड त्यांनी पोटच्या पोरांसारखे वाढवले. मी अकरा वर्षांची होते तेव्हा त्यांनी पहिल्यांदा जत्रेत स्वतःचा गाडा जुंपला. आम्ही बायका-पोरी लांब, उंबराखाली. तिथून मला फक्त धूळ दिसली, आणि धुळीच्या वरून आलेली आरोळी ऐकू आली. तशी आरोळी त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या गाड्याला मिळाली नव्हती.  मग भोंग्यातून आवाज आला, की या बारीची वेळ लागलेली नाही, गाडा पुन्हा पळवावा.

घड्याळ ज्ञानोबा आबांच्या हातात होतं. गावातल्या मोठ्या, जमीनजुमला असलेल्या घरातले. लोकांनी जाब विचारला तर म्हणाले, "बैल निघालं आन् म्या बघतच राह्यलो. दाबायचं ऱ्हाऊन गेलं."

पुन्हा पळायला बैलांत जीव उरला होता कुठे? दुसरी बारी रडतखडत झाली. पहिला नंबर आला आबांच्या पुतण्याचा. अण्णांनी बैल नदीवर नेले, गुलाल धुऊन काढला आणि पावसाच्या आधी जोडी विकून टाकली. त्यांनी परत कधी गाडा जुंपला नाही.

म्हणे बघत राह्यलो! अकराव्या वर्षी मी मनाशी पक्कं केलं, की घड्याळवाला माणूस बघत राहत नाही. तो आपल्या माणसासाठी दाबतो आणि परक्यासाठी विसरतो. लग्न होऊन वडगावला आले तरी तो राग मी सोबत आणला, सुपारीसारखा गालात धरून. माहेरी गेले आणि समोरून आबा येताना दिसले की मी वाट बदलायचे.

मी तांदूळ विकते. सुरुवातीला डोक्यावर पाटी घेऊन तुंगार्लीतल्या बंगल्यांची फाटकं वाजवत हिंडले आहे. आतून एखादी बाई विचारायची, "हा खरा इंद्रायणी कशावरून?" मी म्हणायचे, "तुमचा कुकर द्या." मूठभर तांदूळ तिच्याच घरात शिजवायचा. झाकण उघडल्यावर वास दारापर्यंत आला की पुढे बोलावं लागत नाही. तीच अट मी माल घेताना शेतकऱ्याला घालते. पोत्याच्या तोंडाशी सगळेच चांगला दाणा ठेवतात. मी मधला दाणा काढते, मूठभर शिजवते, मग भावाचं बोलते. "सुनंदाबाई पोरगी बघायला आल्यासारखा तांदूळ बघती," असं कामशेतच्या बाजारात माझ्या मागे म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

आणि अशी मी, गेल्या वर्षी एका डबीच्या बाबतीत पुरती फसले.

आमच्याकडे टीव्हीवर खेळ खेळायचा कन्सोल आला तो सौद्यातच. तुंगार्लीतला एक बंगला विकला जात होता. मालकाकडून मी फ्रिज आणि दोन पलंग घेत होते. तो भाव सोडेना, तेव्हा म्हटलं, "मग तो टीव्हीखालचा डबा तरी वर टाका." तो काय आहे हे मला ठाऊकही नव्हतं. माझी मुलगी ऋतुजा तेव्हा शाळेत होती. आता ती डिप्लोमाला आहे. त्या डब्यावर ती गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ खेळायला लागली. डोंगरातला वळणावळणाचा रस्ता, गाडी एकटीच, शर्यत फक्त वेळेशी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, "हा तर आपला खंडाळ्याचा घाट." ती म्हणाली, "आई, हा जपानमधला आहे." असू दे. घाट तो घाट.

पोरगी अभ्यास सोडून खेळते म्हणून मी दोनदा खेळायचा रिमोट धान्याच्या कोठीत लपवला. तिसऱ्यांदा लपवणार, तेवढ्यात ती रडवेली होऊन मोबाइल घेऊन आली. तो घाट कोण किती वेळात उतरतं याची यादी ठेवणारा एक गट होता. पहिल्या दहात नाव आलं की पुण्यातल्या एका संघाच्या निवडीचं बोलावणं यायचं. ऋतुजाची वेळ पहिल्या दहात बसत होती. तिने मोबाइलने टीव्हीचं चित्रण करून पाठवलं, तर खाली कुणीतरी लिहिलं होतं, "छान तुकडे जोडलेत." दुसऱ्याने विचारलं होतं, "दादाने खेळून दिलं का?" गटाचा नियम असा, की थेट कन्सोलमधून निघालेलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग चित्रण हवं. तिचा जुना कन्सोल स्वतःहून फक्त शेवटचं अर्धं मिनिट साठवायचा. तिची बारी चार मिनिटांची.

बारी हा शब्द माझाच. तिने तो वापरला नव्हता. पण ती बोलत होती आणि मला उंबराखालून धूळ दिसत होती.

"काय लागतं ते चित्रण करायला?" मी विचारलं.

"कॅप्चर कार्ड. कन्सोल आणि टीव्हीच्या मध्ये बसतं. राहू दे आई, महाग असतं."

"महाग काय ते मी ठरवीन," मी म्हटलं.

पुण्यातल्या एका दुकानात गेले. मालक चष्मा लावलेला, गोड बोलणारा. त्याने काचेवर एक चकचकीत खोकं ठेवलं, त्यावर सोनेरी अक्षरांत फोर-के. मी विचारलं, हे चांगलं का? म्हणाला, याच्या वर काही नाही ताई. मी त्याने सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावर आले आणि तो दोन वाक्यांत कबूल झाला. तिथेच मला कळायला हवं होतं. झटकन खाली येणारा माणूस आधीच वर जाऊन बसलेला असतो. हे मी नव्या पोरींना शिकवते. त्या दिवशी सोनेरी अक्षरांनी माझे डोळे दिपले.

घरी आणून लावलं. त्या डबीतून टीव्हीकडे जायला वाटच नव्हती. खेळायचं तर लॅपटॉपच्या पडद्याकडे बघून. ऋतुजाने एक वळण घेतलं आणि रिमोट खाली ठेवला. "आई, मी वळवल्यावर गाडी मागून वळते." मी म्हटलं, हळू खेळ. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी मी स्वस्तात इंद्रायणी मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघते.

दुसऱ्या दिवशी दुकानात माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. मालक शांत. म्हणाला, "ताई, खोक्यावर लिहिलंय ते खोटं नाही. फोर-के चित्र ते आत घेतं. बाहेर काय देतं, किती उशिरा देतं, ते तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही फक्त भाव विचारलात."

मी खोकं परत पिशवीत टाकलं. आयुष्यात मोजक्या वेळा माघार घेतली आहे, त्यातली ही एक. खरं होतं त्याचं. पोत्याच्या तोंडाशी ठेवलेला दाणा बघून मी अख्खं पोतं उचललं होतं.

त्यानंतरचे चार-पाच दिवस फार छान गेले, हे आज आठवताना जाणवतं. दुपारी गिऱ्हाईक नसताना ऋतुजा दुकानात येऊन पोत्यांवर बसायची आणि मला शिकवायची. काही कार्डं मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात बसतात, ती आपल्या कामाची नाहीत. बाहेरच्या डबीला दोन वाटा हव्यात, एक टीव्हीला आणि एक लॅपटॉपला, म्हणजे खेळायचं टीव्हीवर, विनाविलंब, आणि चित्रण शांतपणे दुसरीकडे होत राहतं. एका सेकंदात साठ चित्रं टिपली पाहिजेत, तीसवर गाडी उड्या मारते. लॅपटॉपची निळ्या रंगाची खाच वापरायची, ती वेगवान असते. धूर आत येत होता, मी तांदळातले खडे वेचत होते, आणि माझी मुलगी मला तिच्या धान्यातले खडे दाखवत होती. परीक्षेच्या दिवसांत आई मुलाची उजळणी घेते म्हणतात. आमच्याकडे ती माझी घेत होती.

मग एका सकाळी मी कन्सोल टॉवेलात गुंडाळला, तांदळाच्या पिशवीत घातला, ऋतुजाला घेतलं आणि त्याच दुकानात गेले.

"आता काय आणलंत ताई?" मालक म्हणाला.

"भांडं आणलंय. तुमच्याकडचं मूठमूठ शिजवून दाखवा. मग भावाचं बोलू."

त्याला आधी कळलंच नाही. ऋतुजाने कन्सोल काचेवर ठेवला आणि त्याच्याच टीव्हीला जोडायला लागली. त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. पहिल्या डबीने चित्रण केलं, पण गाडी पळाली की कडेची झाडं चिंध्यांसारखी दिसायची. दुसरीत रंग धुतल्यासारखे. तिसरी साध्या करड्या खोक्यातली, वर सोनेरी काही नाही. ती लावली तर पडदा काळाच. मी तोंड उघडणार तेवढ्यात मालकच म्हणाला, "थांबा, कन्सोलमधलं नक्कल रोखायचं कुलूप चालू असेल." ऋतुजाने ते बंद केलं आणि घाट उजळला. तिने दोन वळणं घेतली. गाडी बोटांबरोबर वळली. मागे चार गिऱ्हाइकं बघत उभी होती. त्यातला एकजण म्हणाला, "मलाही असंच शिजवून दाखवा."

मालक हसला. भावावर मात्र त्या दिवशी तो अडला तो अडलाच. मी मनात म्हटलं, आता खरा माल बोलतोय. निघताना त्याने विचारलं, "तुमचा तांदूळ पण असाच शिजवून देता का?"

"या वडगावला. कुकर आमचा."

यादीची मुदत नेमकी आमच्या गावच्या जत्रेच्या दिवशी संपत होती. मी जत्रेला जात नसेच. दुपारी दुकान बंद केलं, खोलीचा पडदा ओढला, पंखा मोठा केला. लॅपटॉप जुना. सलग चालू ठेवलं की तापून अडकायचा, म्हणून प्रत्येक बारीचं चित्रण वेगळं करायचं ठरलं. ऋतुजाचे दोन्ही हात रिमोटवर, तेव्हा बटण माझ्याकडे. पडद्यावर तीन-दोन-एक आलं की लाल गोळा दाबायचा, बारी फसली की थांबवायचं, पुसायचं, पुन्हा. मी भक्तिभावाने दाबत होते. तिसऱ्या वळणावर गाडी कठड्याला घासली की "शी!" म्हणून ती परत पहिल्यापासून. असं किती वेळा झालं असेल देव जाणे. बाहेर कैऱ्यांवर दगड मारणाऱ्या पोरांचा आवाज थांबून थांबून येत होता.

मग एकदा काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. एरवी ती गाडीबरोबर अंग कलवायची, पुटपुटायची. त्या वेळी ती गप्प झाली. खांदे खाली आले. पडद्यावर आकडे उमटायला लागले आणि माझी नजर तिच्या बोटांवर गेली. अण्णा कासरा धरायचे तसा धरलेला हात. ओढायचा नाही, सोडायचा नाही, फक्त बैलाला कळेल एवढाच. गाडी निघाली, पहिलं वळण, दुसरं, तिसरं, कठडा केसभर दूर राहिला.  शेवटच्या उतारावर तिचा खालचा ओठ दाताखाली होता. पाचवीत पहिल्यांदा सायकलवरून एकटी गेली तेव्हा होता, तसाच. रेघ ओलांडली. तिची आजवरची सगळ्यात चांगली वेळ. यादीत तिसरी आली असती.

ती किंचाळून उठली, मला मिठी मारली, आणि मग म्हणाली, "आई, दाबलं होतंस ना?"

लाल गोळा स्वस्थ होता.

लॅपटॉप अडकला, असं म्हणता आलं असतं. तिने विश्वास ठेवला असता, तो अडकायचाच. तेवढ्या एका क्षणात माझ्या व्यवहारी डोक्याने तो सौदा करूनही पाहिला. आणि तेव्हाच मला एक गोष्ट दिसली, जी इतक्या वर्षांत दिसली नव्हती. आबाही म्हणू शकले असते, घड्याळ बिघडलं. जुनं घड्याळ, कोण तपासणार होतं? खोटं बोलणाऱ्याने तेच सांगितलं असतं. ज्यात आपली सगळ्यात जास्त नाचक्की होते, ते कारण लबाड माणूस कशाला देईल?

"नाही गं," मी म्हटलं. "बघत राहिले."

ती खाली बसली.  मी शिव्यांची वाट बघत होते. त्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. ती उठली, माठातलं पाणी प्यायली, परत आली.

"कशी झाली?" तिने विचारलं.

"काय?"

"बारी. खेळताना मला काही दिसत नाही आई. तू बघितलीस ना? सांग की, कशी झाली."

मी सांगितलं. बोटांचं, खांद्यांचं, ओठाचं, तिसऱ्या वळणावरच्या केसभर अंतराचं. ती डोळे मिटून ऐकत होती. मग आम्ही संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न केले, मी एकही बटण चुकले नाही, आणि तशी बारी काही परत झाली नाही. जी पाठवली ती यादीत बारावी आली. बोलावणं आलं नाही. माझ्यामुळे आलं नाही, हे मी कुणावर ढकलत नाही.

मात्र तिचं चित्रण यादीत लागलं, आणि त्याखाली "दादाने खेळून दिलं का" असं कुणी लिहिलं नाही. वर्षभर ती खेळत राहिली, दोन विषय राहिले होते तेही सोडवले. या चैत्रात यादी पुन्हा उघडली. आता चांगला लॅपटॉप आहे, चित्रण आपोआप सुरू होतं, माझी बटण दाबायची नोकरी गेली. ती यादीत सातवी आहे. येत्या रविवारी पुण्याला निवड आहे. त्याच करड्या डबीवर तिने माझ्या तांदळाच्या पिशवीचा तुकडा शिवून खोळ केली आहे.

आणि राबांचा धूर आला, तसा तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यात फिरायला लागला. कशी झाली? आबांना मी लहानपणी मनात लाख शिव्या दिल्या. घड्याळाबद्दल, पुतण्याबद्दल गावभर बोलले. हे मात्र कधी विचारलं नाही. मी उंबराखाली होते. अण्णा स्वतः कासरा धरून होते, त्यांना काय दिसणार? आता ते राहिलेही नाहीत.

गेल्या आठवड्यात जत्रा होती. निघताना ऋतुजा म्हणाली, "आई, आबा बोलले तर मोबाइलवर रेकॉर्ड कर. मला ऐकायचंय."

आबा देवळाच्या पारावर बसले होते. मान हलते, ऐकू कमी येतं. शेजारी जाऊन बसले. आधी ओळखलं नाही. नाव सांगितलं तर म्हणाले, "सुनंदी व्हय? लय दिसानं आलीस. भांडायला आलीस का?"

"नाही आबा. विचारायला आले. अण्णांची बारी कशी झाली होती?"

ते माझ्याकडे वळून बसले. मग त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, कासरा धरल्यासारखे.

"पोरी, हे कुनी इचारलंच न्हाई मला. समदी घड्याळाचंच इचारत्यात." त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. "निशान पडलं, आन् तुझ्या बापानं बैलाला हाकच मारली न्हाई. समदी वरडत्यात, चाबूक काढत्यात. त्यो गप. नुसतं असं, हातानं. बैलांचं पाय जिमिनीला लागत व्हतं का न्हाई, देवाला ठावं. मधल्या चढाला डावा जरा दबला, तर तुझ्या बापानं मान कलती केली बघ, अशी, आन् बैलानं बी केली..."

घाटात पुढचा गाडा सुटला. आरोळी उठली, गुलाल उडाला. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं नाही. आबा सांगत होते.

परत येताना जुन्या इंद्रायणीची पिशवी त्यांच्या सुनेच्या हातात दिली. ती म्हणाली, "किती द्यायचं?" मी तिच्यावर ओरडले. सवय कुठे जाते?

घरी आले तेव्हा ऋतुजा दारातच उभी होती. "भेटले? सांगितलं? रेकॉर्ड केलंस ना?"

सकाळपासून पिशवीतच राहिलेला मोबाइल मी काढला, त्याच्याकडे बघितलं आणि परत आत टाकला.

"बस इथं," मी म्हटलं. "सांगते."